लेखकाला बोलावताना, लेख मागताना आणि मजकूर वापरताना: मुंबईतील आयोजकांसाठी मार्गदर्शिका

दरवर्षी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मुंबई आणि परिसरातील मराठी लेखकांचे फोन एकाएकी वाजू लागतात. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. या दोन निमित्तांनी बँका, महाविद्यालये, वाचनालये, गृहनिर्माण संस्था आणि सार्वजनिक मंडळे यांना वक्ता हवा असतो, आणि बहुधा तो चार दिवसांत हवा असतो. पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांचे संपादक लेख मागू लागतात. या मागण्यांमागे लेखकाविषयी आदर असतो याबद्दल मला शंका नाही, कारण आदर नसता तर कोणी बोलावलेच नसते. मात्र तो आदर व्यवहारात कसा उतरवायचा हे पुष्कळ आयोजकांना कोणी सांगितलेले नसते, आणि मग शाल, श्रीफळ व टाळ्या एवढ्यावर सगळे भागवले जाते. लेखन हे काम आहे, त्याला वेळ लागतो, त्याला किंमत असते आणि त्यावर कोणाचा तरी हक्क असतो, एवढे मान्य केले की पुढची बरीचशी कामे सोपी होतात. ती कशी करावीत हे येथे सांगितले आहे.

आधी एका समजुतीचा विचार करावा लागेल, कारण सगळ्या अडचणींचे मूळ तिथे आहे. 'त्यांना नोकरी आहे, त्यांना पैशांची काय गरज' असे समित्यांच्या बैठकीत सहज म्हटले जाते. मुंबईतल्या मराठी लेखकाला नोकरी असते हे खरेच आहे आणि ते आजचे नाही. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक झाले. मराठीत केवळ पुस्तकांच्या उत्पन्नावर घर चालवणे जवळपास अशक्य असल्यामुळे या शहरातले बहुतेक साहित्य कोणाच्या तरी नोकरीच्या आधी, नोकरीनंतर किंवा सुटीच्या दिवशी लिहिले गेले आहे. त्या नोकरीचा पगार त्या नोकरीतल्या कामाचा असतो. आपण मागितलेल्या लेखाचे किंवा व्याख्यानाचे पैसे त्या पगारात आधीच दिले गेले आहेत असे धरून चालणे, म्हणजे आपल्या कार्यक्रमाचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी कार्यालयावर टाकणे होय. लेखकाची गरज किती आहे हा प्रश्न आयोजकाने विचारण्याचा नाहीच.

अंदाजपत्रकात लेखकाची ओळ

कार्यक्रमाचे अंदाजपत्रक मांडताना सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक, फलक, पुष्पगुच्छ, चहा-बटाटेवडा, छायाचित्रकार या नोंदी आपोआप होतात, कारण यातला प्रत्येक जण बिल पाठवतो. लेखक बिल पाठवत नाही, म्हणून त्याची ओळ शेवटी येते आणि 'उरले तर पाहू' या सदरात जाते. हा क्रम उलटा करावा. मानधनाची रक्कम प्रथम लिहावी आणि उरलेल्या पैशांत कार्यक्रमाचा आकार बसवावा. निधी कमी असेल तर फलक लहान करता येतो, स्मृतिचिन्ह वगळता येते, वातानुकूलित सभागृहाऐवजी शाळेचा वर्ग घेता येतो. ज्याच्यासाठी श्रोते येणार आहेत त्याच्याच नोंदीला कात्री लावण्याची मात्र गरज नसते.

रक्कम किती असावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे एकच एक उत्तर नाही. हिशेब मात्र करता येतो. तासाभराच्या व्याख्यानासाठी किमान दोन दिवसांची तयारी लागते. विषय नवा असेल तर अधिक. बदलापूरहून किंवा विरारहून दादरला येऊन परत जाण्यात अर्धा दिवस जातो आणि कार्यक्रमात संध्याकाळ जाते. म्हणजे आपण साधारण तीन दिवस मागत आहोत. समितीतल्या सदस्यांनी स्वतःच्या व्यवसायात तीन दिवसांच्या कामाचे किती घेतले असते हे आपसांत एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. तेवढे देणे छोट्या वाचनालयाला शक्य नसेल, पण पाचशे रुपयांचे पाकीट पुढे करताना आपण काय करत आहोत याचे भान तरी राहील. परवडणारी रक्कम लहान असेल तर ती लहान आहे असे स्पष्ट सांगावे. प्रामाणिकपणे सांगितलेले दोन हजार रुपये बहुतेक लेखक आनंदाने स्वीकारतात आणि एखादे छोटे वाचनालय असेल तर नाकारतातही. पण नाकारण्याचा अधिकार लेखकाचा आहे. तो आयोजकाने आधीच वापरून टाकू नये.

सगळ्या वक्त्यांना समान मानधन द्यावे की प्रसिद्धीनुसार वेगवेगळे, यावर मतभेद असू शकतात. माझे मत असे की एकाच परिसंवादातील सहभागी लेखकांना समान रक्कम द्यावी. दूरचित्रवाणीवरून परिचित असलेल्या अभिनेत्याला पन्नास हजार आणि शेजारी बसलेल्या कवयित्रीला नारळ, ही व्यवस्था लपून राहत नाही.

निमंत्रणाचे पत्र

फोनवर आधी बोलायला हरकत नाही, किंबहुना तसे बोलणे आपलेपणाचे असते. पण त्याच दिवशी पत्र किंवा ईमेल जायला हवे आणि त्यात तारीख, वेळ, स्थळ, विषय, बोलण्याचा अवधी, श्रोत्यांचा अंदाज, मानधन आणि प्रवासखर्च या सगळ्यांचा उल्लेख हवा. लेखकाने मानधनाविषयी विचारण्याची वेळ येऊ देऊ नये. मराठी माणसाला पैशांचा विषय स्वतःहून काढणे अवघड जाते, आणि त्या संकोचाचा फायदा आजवर आयोजकांनाच झाला आहे. पुढील मसुदा आवश्यक ते बदल करून वापरता येईल.

'स. न. वि. वि. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त २७ फेब्रुवारी रोजी सायंकाळी सहा वाजता आमच्या वाचनालयात आपले व्याख्यान व्हावे, अशी इच्छा आहे. उपनगरांतील जीवन आणि मराठी कथा या विषयावर आपण सुमारे पन्नास मिनिटे बोलावे व त्यानंतर वीस मिनिटे प्रश्नोत्तरे व्हावीत, अशी कल्पना आहे. विषयात बदल सुचवल्यास त्याचे स्वागतच होईल. साधारण साठ श्रोते अपेक्षित असून त्यांतील बरेच जण नियमित वाचक आहेत. वाचनालयातर्फे पाच हजार रुपये मानधन आणि आपल्या घरापासून येण्याजाण्याचा टॅक्सीखर्च देण्यात येईल. रक्कम कार्यक्रमानंतर सात दिवसांत आपल्या बँक खात्यात जमा केली जाईल. व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा विचार आहे. आपल्या लेखी संमतीशिवाय ते कोठेही प्रसारित केले जाणार नाही. आपला होकार, नकार किंवा सूचना १० फेब्रुवारीपर्यंत कळवल्यास पुढील तयारी करता येईल. कळावे, लोभ असावा, ही विनंती.'

या पत्रात लेखकाला नकार देण्याची मोकळीक आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. 'सर, तुम्ही नाही म्हणूच शकत नाही' हे वाक्य प्रेमाने उच्चारले तरी ते दडपण असते. नकार आला तर कारण विचारू नये आणि 'मग दुसरे कोणी सुचवा, त्यांचा नंबर द्या, तुम्हीच बोलून ठेवा' असे कामही त्यांच्यावर सोपवू नये.

पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. बंद पाकीट मंचावर, टाळ्यांच्या गजरात, छायाचित्रासाठी देऊ नये. बँकेत रक्कम जमा करणे दोघांच्याही सोयीचे असते आणि हिशेबाला पुरावा राहतो. एकाच व्यक्तीला वर्षभरात दिलेली रक्कम आयकर कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर संस्थेला उगमस्थानी करकपात (टीडीएस) करावी लागते, म्हणून संस्थेच्या हिशेबनिसाला आधीच विचारावे, लेखकाकडून पॅन क्रमांक वेळेवर घ्यावा आणि कपात होणार असेल तर ती निमंत्रणातच कळवावी. ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे जमा झालेले पाहून लेखकाने फोन करावा आणि मग आयोजकाने करकपातीचे स्पष्टीकरण द्यावे, हा अनुभव दोघांनाही नकोसा असतो.

कार्यक्रमाच्या दिवशी

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुंबईत बहुतेक साहित्यिक कार्यक्रम रविवारी असतात आणि रविवारीच रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून वेळ पक्की करण्यापूर्वी नसले तरी आदल्या दिवशी ते पाहून लेखकाला कळवावे. स्थानकावर घ्यायला जाणारी व्यक्ती कोण, तिचा क्रमांक काय, हे आधी सांगावे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, तीन प्रायोजकांचे सत्कार आणि अध्यक्षीय मनोगत यांत सव्वा तास घालवून मग 'वेळेअभावी थोडक्यात बोलावे' अशी चिठ्ठी वक्त्याच्या हाती देऊ नये. परिचय करून देणाऱ्याने लेखकाचे किमान एक पुस्तक वाचलेले असावे. इंटरनेटवरून उतरवलेली पुरस्कारांची यादी म्हणजे परिचय नव्हे. स्मृतिचिन्हांबाबत एवढेच, की डोंबिवलीच्या एका खोलीच्या घरात काचेची पंचविसावी ढाल ठेवायला जागा नसते आणि ती रद्दीतही देता येत नाही. त्या पैशांत लेखकाची पाच पुस्तके घेऊन प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना द्यावीत.

दिवाळी अंकासाठी लेख मागताना

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मुंबईतून 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे ही परंपरा वाढत जाऊन आता दरवर्षी शेकडो अंक निघतात. महाराष्ट्रातील एवढे मोठे वाङ्मयीन उत्पादन मुख्यतः लेखकांच्या सद्भावनेवर चालते, हे संपादकांनाही ठाऊक आहे. काही अंक मानधन नियमितपणे देतात आणि त्यांच्याकडे लेखक आधी वळतात यात नवल नाही. छोट्या अंकाच्या संपादकाचा युक्तिवाद असतो की जाहिराती मिळत नाहीत. तो खरा असतो. पण मग मुद्रणालय, कागद, मुखपृष्ठ आणि टपाल यांचे पैसे कुठून येतात, हाही प्रश्न विचारावाच लागतो.

लेख मागताना विषय, शब्दमर्यादा, अंतिम तारीख, मानधन आणि ते कधी मिळेल हे लिहून कळवावे. 'अंक आल्यावर पाहू' ही तारीख नव्हे. दिवाळीनंतर एक महिना ही मुदत वाजवी आहे. लेख आला की पोहोच द्यावी. लेख नको असेल तर तो इतर अंकाला देता यावा इतक्या आधी, म्हणजे गणपतीच्या सुमारास तरी, तसे कळवावे. गप्प राहून लेखकाला दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवणे आणि मग अंकात लेख नसणे, यात त्या लेखाचे वर्ष वाया जाते. शब्दमर्यादेसाठी काटछाट करायची असल्यास करून पाठवावी आणि संमती घ्यावी. कवितेची ओळ तर पानात बसत नाही म्हणून परस्पर मोडूच नये. अंक छापून आल्यावर किमान एक प्रत घरपोच पाठवावी. आपलाच लेख असलेला अंक लेखकाने दादरला दुकानात जाऊन विकत घ्यावा, असे अजून घडते.

मागणी करून लिहून घेतलेला लेख नाकारावा लागला तर ठरलेल्या मानधनाचा काही हिस्सा द्यावा, असे मी सुचवतो. मराठीत ही प्रथा फारशी नाही; ती पाडायला कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्यांचे आणि अनुवादकांचे मानधनही याच सुमारास आठवावे, कारण त्यांची अवस्था लेखकापेक्षा वाईट असते. अनुवादित कथेवर मूळ लेखकाचे नाव ठळक आणि अनुवादकाचे नाव शेवटी कंसात, बारीक टंकात, ही पद्धत बंद करून दोन्ही नावे कथेच्या शीर्षकाखालीच छापावीत.

हक्क कोणाचा आणि किती काळ

येथे थोडे थांबायला हवे, कारण आयोजक, संपादक आणि स्वतः लेखक यांचेही सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत असतात. भारताचा स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ साली महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. लेख लिहून पूर्ण झाला की त्यावरचा हक्क लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. नोंदणीची सोय आहे आणि वाद झाल्यास तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो, पण ती सक्तीची नाही. नियतकालिकाच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीने त्या नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचे नियम वेगळे आहेत. बाहेरच्या लेखकाने आपल्या अंकाला लेख दिला, तर मानधन दिले असो वा नसो, एकदा छापण्याची परवानगी त्याने आपल्याला दिलेली असते, मालकी दिलेली नसते. म्हणून 'या अंकातील सर्व साहित्याचे हक्क संपादकाधीन' अशी ओळ श्रेयनामावलीच्या पानावर छापल्याने ते हक्क संपादकाकडे येत नाहीत.

हक्क हस्तांतरित करायचे असतील तर ते लेखी आणि लेखकाच्या स्वाक्षरीनेच करावे लागतात. त्या करारात कोणते लेखन, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला, हे लिहिणे अपेक्षित असते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानतो. हक्क घेऊन ठेवले आणि ते मिळाल्यापासून एक वर्षात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक संरक्षण आले आहे. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असे मानले जात नाही. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, चित्रपट, वेबमालिका, अनुवाद हे वेगवेगळे हक्क आहेत आणि करारात प्रत्येकाची वेगळी ओळ असावी. 'सर्व प्रकारचे, सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी हक्क' असे वाक्य समोर आले तर लेखकाने सही करण्यापूर्वी कारण विचारावे, आणि प्रकाशकाने किंवा संस्थेने असे वाक्य मुळात लिहूच नये. एखाद्या संस्थेला दिवाळी अंकातील निवडक लेखांचे पुस्तक काढायचे असेल तर ते करता येते. त्यासाठी प्रत्येक लेखकाला पुन्हा विचारून पुन्हा मोबदला द्यावा लागतो, इतकेच.

हक्क दुसऱ्याला देऊन झाल्यावरही लेखकाकडे दोन गोष्टी राहतात: हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा अधिकार, आणि त्याची अशी मोडतोड झाली की ज्याने आपल्या प्रतिष्ठेला बाधा येते, तर दाद मागण्याचा अधिकार. कलम ५७ मध्ये याची तरतूद आहे.

निवेदन, एकांकिका आणि व्हॉट्सॲप

मुंबईतला मराठी कार्यक्रम कवितेच्या ओळींशिवाय सुरू होत नाही. प्रकाशित साहित्यातील मर्यादित उतारा जाहीरपणे वाचून दाखवण्यास कायद्याची हरकत नाही, त्यामुळे निवेदकाने चार ओळी म्हणण्यासाठी परवानगी शोधत बसण्याची गरज नसते. गरज असते ती कवीचे नाव घेण्याची. 'कवी म्हणतो' किंवा 'कोणीतरी छान म्हटले आहे' हे नाव नव्हे. नाव ठाऊक नसेल तर शोधावे आणि सापडले नाही तर दुसरी कविता निवडावी.

गणेशोत्सवात किंवा वार्षिक संमेलनात हौशी मंडळींनी, तिकीट न लावता, एखादी एकांकिका सादर केली तर कायदा काही अटींवर सूट देतो. तिकीट लावले, प्रायोजकाकडून पैसे घेतले किंवा प्रयोगाचे चित्रण करून ते यूट्यूबवर टाकले, की या सुटीचा आधार राहत नाही असे धरून चालावे आणि नाटककाराची लेखी परवानगी घेऊन प्रयोगाचे मानधन द्यावे. सूट असली तरीही एक पत्र पाठवावे असे मला वाटते. आपले लेखन कुठे उभे राहते आहे हे नाटककाराला कळावे, आणि बऱ्याचदा तो स्वतः येऊन प्रयोग पाहतो.

व्हॉट्सॲपवर नाव पुसून पुढे ढकललेल्या कविता, आणि त्याहून वाईट म्हणजे पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर खपवलेला, त्यांनी कधीही न लिहिलेला मजकूर, या दोन्हींवर गृहनिर्माण संस्थेच्या किंवा वाचनालयाच्या समूहचालकाला एक नियम करता येतो: लेखकाचे नाव आणि पुस्तकाचे नाव नसलेला मजकूर समूहात टाकायचा नाही. नव्या पुस्तकाची पीडीएफ 'वाचनप्रेमींसाठी विनामूल्य' म्हणून आली तर ती काढून टाकावी, आणि पाठवणाऱ्याला खासगीत, सौम्य शब्दांत कारण सांगावे. बहुतेकांना आपण काही गैर करत आहोत याची कल्पना नसते.

पुस्तक विकत घेणे

मराठी पुस्तकावर लेखकाला मिळणारे स्वामित्वधन (रॉयल्टी) साधारणपणे छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. ३०० रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपली तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात. आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली, आणि तेवढी सहज लागतात, तर महिन्याला आठशे तेहतीस रुपये होतात. ग्रंथालयाने घेतलेली एक प्रत शंभर जणांनी वाचली तरी लेखकाला एकाच प्रतीचे पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेले जाण्याबद्दल लेखकाला मोबदला देण्याची तरतूद झाली. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणून वाचनालयांनी मागणी असलेल्या पुस्तकाच्या एकाऐवजी दोन-तीन प्रती घ्याव्यात. लेखक पाहुणा म्हणून येणार असेल तर त्याची पुस्तके महिनाभर आधी घेऊन सभासदांत फिरवावीत, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या वेळी 'तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते' याच्या पलीकडचे काही विचारले जाईल. कार्यक्रमाच्या ठिकाणी विक्रीचे टेबल ठेवावे आणि त्यावर संस्थेचा माणूस बसवावा. लेखकाने सुटे पैसे मोजत बसू नये.

भेट प्रत मागू नये. प्रकाशकाकडून लेखकाला मोजक्या प्रती मिळतात, त्यापुढच्या तो सवलतीत का होईना पण विकत घेतो, आणि ज्या परिचितांना त्या द्याव्या लागतात त्यांपैकी बहुतेकांना एका जेवणाच्या किमतीत पुस्तक घेणे परवडत असते.

लेखक हयात नसेल तर

अण्णा भाऊ साठे यांनी घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत राहून लेखन केले आणि १९६९ साली हलाखीत त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले आणि आज १ ऑगस्टला मुंबईभर त्यांची जयंती साजरी होते. आपण गेलेल्या लेखकाचा गौरव अधिक मोकळ्या हाताने करतो, कारण त्याला मानधन द्यावे लागत नाही, अशी समजूत त्यामागे असते. ती कायद्याने चुकीची आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे टिकतो आणि वारसांकडे, किंवा करार असेल तर प्रकाशकाकडे राहतो. १९५० साली निधन पावलेल्या साने गुरुजींचे असे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. केशवसुत आणि बालकवी यांच्या कविता तर त्याच्याही कितीतरी आधीपासून खुल्या आहेत. अण्णा भाऊंच्या लेखनावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत, कुसुमाग्रजांच्या कवितांवरील २०५९ च्या अखेरपर्यंत आणि नारायण सुर्वे यांच्या कवितांवरील २०७० च्या अखेरपर्यंत चालू राहतील.

त्यामुळे स्मरणिकेत पूर्ण कविता छापायची असेल, कथेचे तिकीट लावून अभिवाचन करायचे असेल किंवा ओळी टी-शर्टावर, दिनदर्शिकेवर घालून विकायच्या असतील, तर परवानगी लागते. सुरुवात पुस्तकाच्या ताज्या आवृत्तीतील हक्कांच्या पानावरून करावी. तेथे हक्क कोणाकडे आहे हे बहुधा छापलेले असते. वारसाचे नाव असून पत्ता नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहून ते पुढे पाठवण्याची विनंती करावी. पत्रात कोणती कविता, कोणत्या कामासाठी, किती प्रती, विक्रीसाठी की मोफत आणि किती रक्कम देऊ इच्छिता हे लिहावे. उत्तराला महिना लागू शकतो, म्हणून कार्यक्रमाच्या निदान दोन महिने आधी पत्र पाठवावे. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. तशा वेळी मजकूर बदलावा. परवानगी मिळाली तर तिचा उल्लेख त्याच पानावर छापावा, रक्कम वारसांकडे पाठवावी आणि छापून आलेल्या स्मरणिकेच्या दोन प्रती सोबत पाठवाव्यात.